प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ

अर्थशास्त्राचा पंडित म्हटला म्हणजे जाडजूड ग्रंथांच्या राशीत बसून देशाच्या संपत्तीचे हिशेब मांडणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. शेतात शेणखताच्या गाड्या किती पडल्या, बैलजोडीला वर्षभरात कडबा किती लागला, फळांची पाटी खेड्यातून शहरात पोचेपर्यंत किती जणांच्या हातांतून गेली, असल्या चौकशा करण्यात एखाद्या विद्वानाने आपले आयुष्य वेचावे, हे कोणाला सहसा खरे वाटणार नाही. धनंजयराव गाडगीळांनी मात्र तेच केले. आणि या चौकशा करीत असताना, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी एका साखर कारखान्याचे अध्यक्षपद पत्करले. तो कारखाना चालला नसता तर शेकडो शेतकऱ्यांची पुंजी बुडाली असती आणि धनंजयरावांनी वीस वर्षे कष्टाने मिळविलेली कीर्तीही तिच्याबरोबर बुडाली असती.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शिक्षण नागपुरास झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी आपल्या प्रबंधासाठी जो विषय निवडला, तो त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दाखविणारा होता. आगगाडी आली, गिरण्या निघाल्या, परदेशी कापड आले. या सगळ्या उलथापालथीत हिंदुस्थानातल्या विणकराचे, कारागिराचे आणि कुणब्याचे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला. हा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कित्येक वर्षे आपल्या देशातील महाविद्यालयांत तो ग्रंथ अभ्यासला जात असे.

मायदेशी परतल्यावर धनंजयरावांनी थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. नंतर १९२५ साली सुरत येथील एका महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. पंचविशीच्या आत प्राचार्यपद मिळालेला दुसरा एखादा गृहस्थ तेथेच सुखाने स्थिरावला असता. परंतु १९३० साली पुण्यात एक नवी संस्था निघत होती, आणि तिने त्यांना बोलावले.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे राजकारणात आकड्यांचे महत्त्व जाणणारे पुढारी होते. सरकारी जमाखर्चाचा कसून अभ्यास केल्यावाचून ते सभेत बोलावयास उभे राहत नसत. त्यांच्या नावाने देशाच्या अर्थकारणाचे संशोधन करणारी एक संस्था असावी, या हेतूने साताऱ्याचे रावबहादुर काळे यांनी मोठी देणगी दिली, आणि त्यातून गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. संस्थेचे संचालक म्हणून धनंजयरावांची नेमणूक झाली. आरंभी संस्थेचा व्याप लहान होता. माणसे थोडी, पैसा बेताचा. मोठमोठ्या विषयांना हात घालण्यापेक्षा जवळचे, डोळ्यांना दिसणारे विषय घ्यावयाचे, असे धनंजयरावांनी ठरविले. पैसा कमी होता म्हणून तसे ठरविले असेल, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या मनाचा कलही मुळात तिकडेच होता.

पुणे शहरात विकावयास येणाऱ्या फळांच्या व्यापाराची पाहणी, हे संस्थेच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक होय. तिचे पुस्तक १९३३ साली निघाले. फळे तर सर्वांनीच खाल्लेली असतात. परंतु ज्याने झाड लावले त्याला त्यातले काय मिळते, हे आपण कधी विचारतो काय? बागवान फळ पिकवितो. कित्येकदा तो झाडावरचा सगळा माल मोहरातच एखाद्या व्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकतो, कारण त्याला पैशाची नड असते. व्यापारी माल शहरात आणतो. तेथे आडत्या असतो. तो आपली आडत कापून घेतो. मग घाऊक खरेदी करणारा, मग किरकोळ विकणारा, आणि शेवटी गिऱ्हाईक. वाटेत जी फळे नासतात त्यांचा तोटा कोणी सोसावयाचा? आगाऊ रक्कम कोण कोणाला देतो, आणि ती दिल्यामुळे माल दुसऱ्या कोणाला विकण्याची बागवानाला बंदी होते काय? फळाच्या किमतीपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक बोलकी असतात. खेड्यातला व्यापार हा एखाद्या जाळ्यासारखा असतो. त्याचा एक धागा ओढला की दहा ठिकाणच्या गाठी हलतात. त्या गाठी एकेक करून पाहावयाच्या, हा धनंजयरावांचा उद्योग होता.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात मोटारी नव्याने धावू लागल्या होत्या. धुळीच्या रस्त्यावरून खेडेगावांना जोडणाऱ्या त्या उतारूंच्या गाड्या बहुधा एकदोन मोटारी बाळगणाऱ्या लहान मालकांच्या असत. एकाच वाटेवर चार मालकांत चढाओढ लागे, तर दुसऱ्या वाटेवर दिवस दिवस गाडीच नसे. इलाख्यातील सहा जिल्ह्यांमध्ये ही वाहतूक कशी चालते, याची पाहणी धनंजयरावांनी केली व ती १९३५ साली प्रसिद्ध केली. त्या काळच्या किती विद्वानांना मोटारीच्या फेऱ्या मोजणे हे आपल्या इभ्रतीला शोभेसे वाटले असते? पण रस्ता आणि गाडी यांवाचून खेड्याचा माल बाजाराला जात नाही, आजारी मनुष्य दवाखान्यात पोचत नाही, आणि मुलगा शहरच्या शाळेत जाऊ शकत नाही. सरकारने स्वतःची उतारू वाहतूक पुणे ते अहमदनगर या मार्गावर सुरू केली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे या पाहणीनंतर तेरा वर्षांनी. तीच पुढे आपल्या परिचयाची एस. टी. झाली.

यानंतरचे त्यांचे मोठे काम म्हणजे वाई तालुक्यातील शेतीच्या धंद्याची पाहणी. ती १९४० साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्या नावातला ‘धंदा’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. शेतीला आपण कष्ट म्हणतो, सेवा म्हणतो, कधी नशीबही म्हणतो. तिचा धंदा म्हणून हिशेब मांडावयाचा झाला तर फार अडचणी येतात. शेतकरी वही ठेवीत नसे. बी घरचे, खत घरचे, बैल घरचे, राबणारी माणसेही घरचीच. मग खर्च तरी कशाला म्हणावयाचे? शेतकऱ्याची बायको आणि मुले जी खुरपणी करतात तिची मजुरी खर्चात धरावी की धरू नये? ती धरली नाही तर शेतात थोडाफार नफा दिसतो. ती धरली, तर पुष्कळ ठिकाणी तो नफा हवेत विरून जातो, आणि मग हे कुटुंब जगते तरी कसे, असा प्रश्न समोर उभा राहतो. असले प्रश्न कागदावर सुटत नाहीत. त्यासाठी माणसे शेतकऱ्याच्या दारी पाठवावी लागतात, त्याचा विश्वास संपादन करावा लागतो, आणि तो सांगतो ते धीराने टिपून घ्यावे लागते. सरकारी मनुष्य घरी येऊन विचारू लागला म्हणजे हा सारा वाढविणार, अशी धास्ती त्या काळी खेड्यात सहज वाटे. म्हणून खरी माहिती मिळविणे हेच निम्मे काम होते.

पुणे शहरातील कुटुंबांची, त्यांच्या धंद्यांची व मिळकतीची त्यांनी अशीच पाहणी केली. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचीही केली. या शेवटच्या कामात त्यांचे सहकारी प्राध्यापक वि. म. दांडेकर हे होते. शाळेत नाव घातलेली मुले किती वर्षे टिकतात, आणि मधेच शाळा सोडलेली मुले पुढे वाचणे-लिहिणे विसरून तर जात नाहीत ना, हा त्यांच्या शोधाचा विषय होता. पटावरची नावे पाहून समाधान मानणे धनंजयरावांच्या स्वभावात नव्हते.

आता ज्या कामामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचले, त्याकडे वळू.

त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाटाचे पाणी आले आणि जिराईत जमिनीत ऊस उभा राहिला. गावोगावी गुऱ्हाळे चालू झाली. काहिलीत रस उकळू लागला, गुळाच्या ढेपा बाजाराला जाऊ लागल्या. आता शेतकऱ्याचे दैन्य फिटणार, असे सर्वांना वाटले. परंतु १९२९ नंतर जगभर मंदी आली व गुळाचे भाव कोसळले. पाण्याची पट्टी मात्र भरावीच लागे. खत उधारीचे, गुऱ्हाळाचा खर्च उसनवारीचा, आणि गूळ तर ज्याचे कर्ज त्याच्याच पेढीवर घालावयाचा! अशा स्थितीत कित्येक शेतकऱ्यांनी आपली पाण्याखालची जमीन खाजगी साखर कारखान्यांना खंडाने देऊन टाकली. कारखाने त्या जमिनीत आपला ऊस लावीत. आणि जमिनीचा मालक त्याच शेतात रोजाने कामाला जाई. पाणी आले, ऊस आला, साखरही आली. पण ज्याची भूमी त्याच्या हाती रोजंदारीच उरली.

या भागात लोणी नावाचे गाव आहे. तेथील विठ्ठलराव विखे पाटील हे फारसे शिकलेले नव्हते. परंतु त्यांची बुद्धी तल्लख होती आणि मन चिवट होते. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी त्यांनी १९२३ सालीच गावात सहकारी पतपेढी काढली होती. उसाचे दुखणे मात्र पतपेढीने बरे होण्यासारखे नव्हते. शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना काढला तर? हा विचार विखे पाटलांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या मनात घोळू लागला. ऐकणाऱ्यांना तो धाडसाचा, किंबहुना वेडाचा वाटला. पाचपन्नास रुपयांची कर्जे देणारी सोसायटी चालविणे निराळे, आणि लाखो रुपयांची यंत्रे बसवून साखर तयार करणे निराळे. इंजिनिअर कोठून आणावयाचे? भांडवल कोण देणार? आणि धंदा बुडाला तर?

धनंजयराव या सुमारास दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांच्या संपर्कात आले. १९४५ साली भरलेल्या त्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. फळांच्या व्यापारापासून तो वाईच्या शेतीपर्यंत त्यांनी जे जे पाहिले होते, त्या सर्वांतून त्यांचे एक मत बनले होते. पीक काढणाऱ्याच्या हाती फारसे राहत नाही. त्या पिकावर पुढे जी प्रक्रिया होते आणि जो व्यापार होतो, तेथे पैसा साठतो. म्हणून नुसते स्वस्त कर्ज देऊन शेतकरी सुधारणार नाही. प्रक्रिया आणि विक्री यांत त्याला मालक म्हणून शिरता आले पाहिजे. हे मत ग्रंथात लिहून ठेवणे सोपे होते. लोणीच्या शेतकऱ्यांनी त्यांना अध्यक्ष होण्याची विनंती केली तेव्हा ते मत खरे करून दाखविण्याची वेळ आली. धनंजयरावांनी होकार दिला.

विखे पाटील गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले. शेतकऱ्यांजवळ रोकड कोठली? काहींनी घरातले दागिने मोडून भाग घेतले, असे त्या भागात सांगतात. मुंबई राज्याचे तेव्हाचे मंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकाराचे जुने भक्त होते. त्यांच्या पाठिंब्याने सरकारनेही कारखान्याचे भाग घेतले. नव्यानेच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळाले. अशा वेळी धनंजयरावांच्या नावाचा मोठा उपयोग झाला. सरकारला वाटले, हा मनुष्य आकडे फुगवून सांगणार नाही. शेतकऱ्यांना वाटले, हा मनुष्य आपल्या पैशाला हात लावणार नाही. दोन्ही बाजूंचा असा विश्वास एकाच माणसावर बसणे ही गोष्ट सोपी नसते.

माळरानावर कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ सालच्या हंगामात त्याने पहिले गळीत केले. दिवसाला पाचशे टन ऊस गाळण्याची त्याची शक्ती होती. आजच्या कारखान्यांपुढे हा आकडा लहान दिसेल. हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना, असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु ते बरोबर नाही. आंध्रातील एटिकोप्पाका येथे शेतकऱ्यांचा असा कारखाना त्यापूर्वीच, १९३३ साली निघाला होता. धनंजयरावांच्या चरित्रात तरी असा चुकीचा आकडा राहू नये. महाराष्ट्रात मात्र प्रवरेचा कारखाना हा पहिला यशस्वी प्रयोग ठरला, आणि त्याचाच कित्ता पुढे इतरांनी गिरविला.

धनंजयराव जवळजवळ दहा वर्षे या कारखान्याचे अध्यक्ष होते. संस्थेचे संशोधन पुण्यात चाले आणि कारखान्याचा कारभार प्रवरेच्या काठी. सहकारी कारखान्याची घडी कशी असते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सभासदाचे भाग थोडे असोत की पुष्कळ असोत, त्याला मत एकच. सभासदाने आपला ऊस कारखान्याला घालावयाचा. तोडणी आणि वाहतूक कारखान्याने पाहावयाची. साखर विकली गेल्यावर खर्च वजा जाता जे उरेल त्यातून उसाचा भाव द्यावयाचा. या भावातून टनामागे काही रक्कम ठेव म्हणून कापून घ्यावयाची, आणि तिच्यातून कर्ज फेडावयाचे, यंत्रे वाढवावयाची, रस्ते व शाळा यांना हातभार लावावयाचा. हातात आलेला पैसा पुन्हा कापून देणे कोणालाही गोड लागत नाही. गुळाच्या पडत्या भावांचे दिवस ज्यांनी पाहिले होते त्यांना त्याचे महत्त्व कळले, आणि दर हंगामाच्या चोख हिशेबाने त्यांची खात्री पटत गेली. मागे ज्या शेतकऱ्याने जमीन खंडाने देऊन टाकली होती त्याच्यासारखाच दुसरा शेतकरी आता कारखान्याच्या सभेत उठून संचालकांना जाब विचारू लागला. साखरेच्या पोत्यांपेक्षा हे पीक मोलाचे होते, असे मला वाटते.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. कारखान्याचा सभासद होण्यास ऊस हवा, आणि उसाला पाटाचे पाणी हवे. ज्या तालुक्यांत कालवा नव्हता तेथल्या शेतकऱ्याला हे दार उघडले नाही. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर कोरडवाहू भागांतील हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी कारखान्यांच्या परिसरात येतात, कोप्यांत राहतात व उन्हाळ्यात परततात. त्यांच्या मुलांची शाळा मधेच बुडते. ती कुटुंबे उसाच्या धंद्यात राबतात. परंतु कारखान्याची ती सभासद नसतात. बागाईत आणि जिराईत यांच्यातले अंतर सहकाराने बुजविले नाही, काही ठिकाणी तर ते वाढले. धनंजयरावांनी आपल्या आयुष्यात जसे हिशेब मांडले, त्याच काटेकोरपणाने हा हिशेबही मांडावा लागतो.

कारखान्याचे काम चालू असतानाच त्यांच्याकडे सबंध देशाचे एक काम आले. खेड्यांतील माणसाला कर्ज कोण देतो, किती देतो आणि कशाच्या आधारावर देतो, याची पाहणी करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५१ साली एक समिती नेमली. गोरवाला हे तिचे अध्यक्ष होते व धनंजयराव एक सदस्य होते. देशातील ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे निवडण्यात आली आणि एक लाख सत्तावीस हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. वाई तालुक्यात जे केले होते, तेच आता हिंदुस्थानाच्या आकाराचे झाले.

समितीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील आकड्यांनी राज्यकर्ते चकित झाले. सहकारी चळवळ सुरू होऊन पन्नास वर्षे होत आली होती. तरीसुद्धा शेतकऱ्याने काढलेल्या कर्जाच्या दर शंभर रुपयांत सहकारी संस्थांचे रुपये जेमतेम तीन होते. सरकारचे तीन. व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही पुरता भरत नव्हता. आणि सावकारांचे? जवळजवळ सत्तर!

असे का व्हावे? एखादा लहान शेतकरी डोळ्यांपुढे आणा. पेरणीच्या वेळी त्याला बियाण्यासाठी पैसे हवे असतात. सोसायटी जमीन किती आहे ते विचारते, तारण मागते, अर्जाला महिना लावते. तोवर पाऊस पडून जातो. गावातला सावकार रात्रीतून पैसे काढून देतो. तोच बहुधा धान्याचा व्यापारीही असतो. पीक निघाले की ते त्याच्याच दुकानी, त्याच्याच मापाने आणि त्याच्याच भावाने द्यावे लागते. कर्ज आणि विक्री या दोन्ही दोऱ्या एकाच हातात असल्यामुळे शेतकरी एकीतून सुटला तरी दुसरीत अडकतो. लहानशी सोसायटी एकटी या सामर्थ्यापुढे टिकणार नाही. तिच्या पाठीशी सरकारने भागीदार म्हणून उभे राहिले पाहिजे, आणि कर्ज, गोदाम, प्रक्रिया व विक्री ही कामे एकमेकांशी जोडली पाहिजेत, अशी शिफारस समितीने केली. प्रवरेचा धडा या शिफारशीत उमटलेला दिसतो. खेड्यांकडे जाणारी एक मोठी सरकारी बँक असावी, अशीही समितीची सूचना होती. त्यानुसार १ जुलै १९५५ रोजी जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

महाराष्ट्राच्या एकीकरणाच्या चळवळीतही धनंजयरावांनी भाग घेतला. संयुक्त महाराष्ट्र परिषदेची बाजू आकड्यांनिशी मांडण्याचे काम पुष्कळसे त्यांनी केले. नागपुरात वाढलेल्या व पुण्यात स्थिरावलेल्या या माणसाला विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांच्या स्थितीतला फरक चांगला ठाऊक होता. राज्य एक झाले तरी त्यातील सगळे भाग आपोआप सारखे होत नाहीत. म्हणून विकासाचा आराखडा राजधानीत बसून न करता जिल्ह्याजिल्ह्यांत केला पाहिजे, असे ते आग्रहाने सांगत. १९६६ साली जिल्ह्याच्या नियोजनावर त्यांनी एक व्याख्यान दिले, ते अभ्यासकांत गाजले.

त्याच वर्षी त्यांनी गोखले संस्थेचे संचालकपद सोडले. छत्तीस वर्षे त्यांनी ते सांभाळले होते. त्यांच्यामागून दांडेकर संचालक झाले. धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले खरे. पण तेथे ते फार दिवस राहू शकले नाहीत. १९६७ साली केंद्र सरकारने त्यांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस बोलावले. पंतप्रधान हे त्या मंडळाचे अध्यक्ष असत. त्यामुळे प्रत्यक्ष कारभार उपाध्यक्षाकडे असे.

दिल्लीत एक जुना वाद त्यांची वाट पाहत होता. केंद्र सरकार राज्यांना योजनांसाठी दर वर्षी मोठ्या रकमा देई. कोणाला किती द्यावे, याचा मात्र ठरीव नियम नव्हता. ज्या राज्याचे वजन अधिक त्याची झोळी अधिक भरते, अशी इतरांची तक्रार असे. धनंजयरावांनी यावर एक सूत्र काढले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या अवघड प्रदेशांचा वाटा प्रथम बाजूला काढावयाचा. उरलेल्या दर शंभर रुपयांपैकी साठ रुपये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावयाचे. दहा रुपये, ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असेल त्यांना. दहा रुपये, राज्य स्वतः कर किती वसूल करते ते पाहून. दहा रुपये, पाटबंधारे व वीज यांच्या चालू असलेल्या मोठ्या कामांसाठी. आणि उरलेले दहा रुपये राज्यांच्या खास अडचणींसाठी. १९६९ साली सुरू झालेल्या चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून हे सूत्र लागू झाले. ते ‘गाडगीळ सूत्र’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोकसंख्येला साठ रुपये देताना मागासलेपणाला दहाच का, असे गरीब राज्यांनी विचारले, आणि तो प्रश्न गैरवाजवी नव्हता. पुढे सूत्रात फेरफार झाले. २०१५ साली नियोजन मंडळाच्या जागी दुसरी संस्था आली. परंतु पैसा मर्जीने न वाटता सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाने वाटावयाचा, ही रीत या सूत्राने घालून दिली.

१९६९ हेच साल बँकांच्या इतिहासातही मोठे होय. त्या वर्षी जुलै महिन्यात चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँका खेड्यांत कशा जाव्यात, याचा विचार करण्यासाठी धनंजयरावांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमलेला होता. त्याने सांगितले की, सर्वांनी सगळीकडे धावण्यापेक्षा प्रत्येक भागाची जबाबदारी नेमून द्यावी. बँकेने त्या भागातील पिके, बाजार, धंदे व माणसांच्या गरजा समजून घ्याव्यात आणि मग कर्जाचा आराखडा करावा. पैसे देण्यापूर्वी पाहणी करावयाची, हा धनंजयरावांचा चाळीस वर्षांचा परिपाठच त्यात होता. या सूचनेवरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक कोणती आहे, हे तुम्हांला कोणत्याही बँकेच्या शाखेत विचारता येईल.

१९७१ साली धनंजयरावांनी दिल्लीतील काम संपविले. सत्तरी गाठली होती. पुण्याचे घर, गोखले संस्थेचे ग्रंथालय आणि राहिलेले लेखन यांची ओढ त्यांना लागली असेल. ते दिल्लीहून आगगाडीने पुण्यास यावयास निघाले. त्या प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचा अंत झाला.